आधी रीफ, मग चहा: शिडाच्या बोटीने मुंबई ते गोवा जायला शिकताना

शिडाच्या बोटीवर जातो असं कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पोहता येतं का? आणि वारा पडला तर? पोहता यायलाच हवं, त्यात वाद नाही; पण किनाऱ्यापासून दहा मैलांवरून पोहत कुणी घरी येत नाही. आणि वारा पडला तर चहा करायचा. कोकण किनाऱ्यावर तो दिवसातून दोनदा पडतोच. १६७९ साली खांदेरीला इंग्रजांच्या मोठ्या जहाजांची यामुळेच पंचाईत झाली होती. वारा पडला की ती जागच्या जागी, आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ही मारत त्यांच्या नाकासमोरून बेटावर रसद पोचवायच्या. आता बोटीला इंजिन असतं, त्यामुळे तेवढीही काळजी नाही.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: वारा वाढला तर? मी पन्नाशीला टेकल्यावर शिडं हाताळायला लागलो. दोन हंगाम मुंबई बंदरात काढले आणि मग पस्तीस फुटी बोटीने, आम्ही पाच जण, मुंबईहून गोव्याला गेलो. अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.) जे काही शिकलो ते फिरून फिरून त्या तिसऱ्या प्रश्नापाशीच येतं, आणि त्याचं उत्तर म्हणजे रीफ: शीड थोडं उतरवून, बांधून लहान करणं. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो.

बंदरातले महिने

सुरुवात लहान बोटीवर करा. मोठ्या बोटीवर चूक केली तर ती अर्ध्या मिनिटाने कळते, लहान बोटीवर लगेच कळते, बहुतेक वेळा पार्श्वभाग ओला होऊन. मुंबईत कुलाब्याच्या बाजूला शिकवणारे क्लब आहेत, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. ब्रिटिश पद्धतीचा 'कॉम्पिटंट क्रू' हा पाच दिवसांचा कोर्सही चांगला. पण पाच दिवसांत शब्द कळतात, हात वळायला हंगाम जातो.

पहिलं काम वारा ओळखण्याचं. डोळे मिटा आणि दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा येईपर्यंत मान फिरवा. नाक जिकडे, वारा तिकडून. मग शिडाचा एकच नियम पाठ करा: शीड फडफडेपर्यंत दोर सोडा, फडफड थांबेपर्यंत ओढा, आणि तिथेच थांबा. नवशिका नेहमी जास्त ओढतो. ताणलेलं शीड दिसायला ऐटबाज असतं, पण बोट नुसतीच कलते, पुढे जात नाही.

बोट वळवायचे प्रकार दोन. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवली की टॅक, पिछाडी वाऱ्यातून फिरवली की जाइब. टॅक चुकला तर बोट वाऱ्यात तोंड करून लाजिरवाणी उभी राहते, बाकी काही होत नाही. जाइब चुकला तर मेनसेलखालची (मुख्य शिडाखालची) आडवी दांडी, म्हणजे बूम, एका बाजूहून दुसऱ्या बाजूला वीज पडावी तशी येते आणि मधे डोकं असेल तर विचारत नाही. माझ्या कपाळाच्या उजव्या कोपऱ्यात चार टाक्यांची खूण आहे ती गेटवेसमोरची. फेरीबोटीच्या लाटेने पिछाडी ढकलली, मी मोबाइलवर फोटो काढत होतो. तेव्हापासून बोटीवर माझा मोबाइल केबिनमध्ये असतो. वारा मागून असेल तेव्हा बूमला पुढच्या बाजूला एक दोर बांधून ठेवतात, त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. तो आधीच बांधून ठेवायचा.

बंदरात आणखी एक गोष्ट फुकट शिकता येते: मोठ्या जहाजांची भीती. न्हावा शेव्याला जाणारं कंटेनर जहाज दूरवर उभं आहे असं वाटतं आणि दहा मिनिटांत ते तुमच्या डोक्यावर असतं. ते बोटीच्या रेलिंगच्या एका खांबाशी जुळवून बघा. तुमची दिशा तीच असताना दोन-तीन मिनिटांनी जहाज खांबाच्या पुढे किंवा मागे सरकलं असेल तर ठीक. तिथल्या तिथेच असेल आणि मोठं दिसत असेल, तर तुमची टक्कर ठरलेली आहे. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यावी असा नियम आहे खरा, पण मासेमारी करणाऱ्या बोटीला शिडवाल्यानेच वाट द्यायची असते, आणि जहाजाच्या अरुंद मार्गात त्याला अडथळा करायचा नसतो. तिथे नियमाचं पुस्तक काढून भांडू नका. लवकर वळा, आणि एवढं ठळक वळा की त्याला दिसलं पाहिजे.

पंचांगातली भरती

भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मिळतं, ॲप आहेत, ते वापराच. पण कोकणातला जुना हिशेब डोक्यात असू द्या: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पेट्रोलपंपावर उभं राहून 'परवा सकाळी निघालो तर पाणी कुठे असेल' याचं उत्तर खिशातून काहीही न काढता मिळतं.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा: पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. मुंबईला उधाणाच्या वेळी चार मीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे मधल्या दोन तासांत दोन मीटर पाणी हलतं, आणि बंदराच्या तोंडाशी त्याचा ओढा तेव्हाच सगळ्यात जोरात असतो. त्याच्याविरुद्ध शिडावर निघालात तर प्राँग्जचं दीपगृह तासभर एकाच ठिकाणी उभं दिसेल. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो, गोव्याला जवळपास निम्मा.

आम्ही दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी निघालो. चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा. भरती झाली, पाणी उतरायला लागलं आणि बाराला दोर सोडले. ओहोटीने बंदराबाहेर स्वतःच काढून दिलं. वर दोन्ही रात्री चंद्र. (दत्तजयंतीला घरात नाही म्हणून आईने दोन दिवस अबोला धरला होता, तो या हिशेबाने काही सुटला नाही.)

वाऱ्याचं वेळापत्रक

जूनपासून पावसाळाभर विचारही करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिकणाऱ्यासाठी उत्तम. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्यांची परीक्षा इथे होते. दुपारपासून समुद्राकडून, वायव्येकडून खारा वारा, संध्याकाळपर्यंत वाढत जाणारा. मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई. मधे पडझड, चहाची वेळ. म्हणून दिवसा थोडं बाहेरून जायचं, रात्री मतलई पकडायची तर फार लांब राहायचं नाही. शिडाची गलबतं हा किनारा असाच करायची.

डिसेंबर म्हणजे निर्धास्त, असं मात्र नाही. २०१७ सालचं ओखी चक्रीवादळ डिसेंबरच्या सुरुवातीलाच या किनाऱ्यासमोर आलं होतं. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज निघण्याआधी आठवडाभर रोज बघा. एका दिवसाचा अंदाज कामाचा नाही, अंदाज रोज कसा बदलतोय ते बघायचं. आणि सुट्टी संपतेय म्हणून निघू नका. आमचा पहिला मुहूर्त आम्ही असाच सोडला होता, रेल्वेची परतीची तिकिटं वाया गेली.

आदल्या रात्रीची कामं

गाडी लागते तशी बोट लागते. मला दोन हंगामांत कधी लागली नव्हती, कारण बंदरात लाटच नव्हती. ओकारीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री घ्या, मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी माशांना जाते. ती घेऊन किती झोप येते हे घरी एकदा घेऊन बघा. तेलकट जेवण नको, आणि उपाशी तर मुळीच नको. मळमळ सुरू झाली की खाली केबिनमध्ये जाऊ नका. सुकाणू हातात घ्या आणि क्षितिजाकडे बघा. सुकाणू धरलेल्या माणसाला बोट कमी लागते, ड्रायव्हरला गाडी लागत नाही तसंच. ओकायचं असेल तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूने, आणि अंगावरच्या हार्नेसचा पट्टा बोटीला अडकवलेला असतानाच. वाकून ओकणारा माणूस पाण्यात पडायला अगदी तयार असतो.

पहिल्या बारा तासांचं खाणं शिजवूनच घ्या. आमच्याकडे थालीपिठं, गूळ-शेंगदाणे, केळी आणि डबाभर दहीभात होता. हलत्या बोटीत कांदा चिरणं ही वेगळीच साधना आहे, तिच्या नादी पहिल्या दिवशी लागू नका. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, एकाच टाकीत नको, थोडं कॅनमध्ये.

बाकी सामानाबद्दल स्किपर, म्हणजे बोटीचा प्रमुख, सांगेल, पण तुम्ही स्वतः हात लावून बघा: तुमच्या मापाचं लाइफजॅकेट, हार्नेस आणि दोन्ही टोकांना हुक असलेला त्याचा पट्टा, तो अडकवायला डेकवर पुढून मागे ताणलेली पट्टी, डोक्यावरचा लाल उजेडाचा टॉर्च. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ कसं लावायचं, त्यावर बोटीचं नाव, जागा आणि अडचण काय हे कसं सांगायचं, हे सगळ्यात नवशिक्याला आलं पाहिजे, कारण पडणारा माणूस स्किपरही असू शकतो. किनाऱ्यावर एका शहाण्या माणसाकडे कागद ठेवा: कोण कोण आहे, बोटीचा रंग, मार्ग, कधी पोचणार, आणि किती उशीर झाला तर कोस्ट गार्डला १५५४ वर फोन करायचा.

रीफ

आमची स्किपर माझ्यापेक्षा बारा-चौदा वर्षांनी लहान. मी तिला नावाने हाक मारायचो, ती मला काका म्हणायची, आणि बोटीवर शब्द तिचाच चालायचा. संध्याकाळी सहाच्या आधी मुरुड-जंजिऱ्याच्या बाहेर होतो. वारा मागून, बोट सहा नॉटच्या वर, ऊन सोनेरी, मी सुकाणूवर. ती खालून वर आली, मागे वळून पाणी बघितलं आणि म्हणाली, "काका, रीफ घेऊ."

"आत्ता कुठे मजा येतेय. वारा काहीच नाही."

"मागे बघा."

मागे लाटांच्या टोकांवर पांढरं फुटत होतं. पुढे बघत राहिलं की ते दिसत नाही.

इथे थोडा हिशेब सांगतो, कारण मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा प्रत्येक जण इथेच फसतो. वारा अठरा नॉट आणि तुम्ही त्याच दिशेने सहा नॉटने पळताय, तर तुमच्या कानाला बाराच जाणवतो. बोट सरळ, टी-शर्ट सुखात. पण वळून वाऱ्याला तोंड दिलं की तोच वारा वीसच्या वर लागतो. शिवाय शिडावरचा जोर वाऱ्याच्या वर्गाने वाढतो: वारा बाराचा अठरा, म्हणजे दीडपट झाला, की जोर सव्वादोन पट. म्हणून वाऱ्याबरोबर जाताना शरीरावर विश्वास ठेवायचा नाही. वाऱ्याचा आकडा आणि पाण्याचा रंग बघायचा.

मी अजून अर्धा तास मागितला. तिने दिला, नंतर म्हणाली, मुद्दामच दिला. सूर्य बुडाला तेव्हा वारा बावीसवर होता. रीफ घ्यायला बोट वाऱ्याकडे वळवली आणि सगळं एकदम बदललं: शिडाची तोफेसारखी फडफड, तोंडावर पाणी, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. मागचा रीफचा दोर एका गाठीत अडकला होता. बंदरात तीन मिनिटांत होणारं काम वीस मिनिटं चाललं, आणि त्यात माझ्या हातून विंचचं, म्हणजे दोर ओढायच्या चक्राचं, हँडल समुद्रात गेलं. शीड लहान झाल्यावर बोट पुन्हा दक्षिणेला वळली. वेग बघितला: आधी ६.४, आता ६.१. तेवढ्या फरकासाठी मी भांडलो होतो.

कृती अशी, आणि ती धक्क्याला बांधलेल्या बोटीवर डोळे मिटून येईपर्यंत करा. बोट वाऱ्याच्या जवळ आणा. मेनसेलचा दोर ढिला सोडा, बूमला वरून आधार द्या. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, खुणेपर्यंत सोडा. खूण आधीच रंगाने करून ठेवा. शिडाच्या पुढच्या कडेचं कडं बूमच्या आकड्यात अडकवा. हॅलयार्ड पुन्हा ताठ करा. मगच मागचा रीफचा दोर विंचवर ओढा. क्रम चुकला तर शीड फाटतं. अंधार पडायच्या आत एक रीफ, वारा असो वा नसो, हा तिचा नियम होता. आता माझाही आहे.

रात्र

पहारा तीन तासांचा, जोडीने. स्किपर मोकळी, कधीही उठवता येईल अशी. उठवायला लाजू नका. 'त्या दिव्याचं काय ते कळत नाही' एवढं कारण पुरतं. दर तासाला वहीत जागा, दिशा, वेग, वारा लिहायचा. यंत्र बंद पडलं तर शेवटची नोंद म्हणजे तुमचा पत्ता. कपडे आधी घाला. डिसेंबरात कोकणात थंडी कसली, असं म्हणून मी स्वेटर केबिनच्या तळाशी ठेवला होता.

दिव्यांची भाषा पुस्तकात सोपी असते: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, वर हिरवा आणि खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर. प्रत्यक्षात कोकणातल्या मासेमारी बोटींवर गणपतीच्या मांडवासारखी रंगीत रोषणाई असते आणि त्यातून दिशा काढणं अवघड जातं. त्याहून कठीण जाळी. पाण्यावर लुकलुकणारे छोटे दिवे दिसले तर ते एकेकटे समजू नका. दोन दिव्यांच्या मधे जाळं आहे असंच धरून चाला.

हर्णैच्या बाहेर रात्री एकच्या सुमाराला वारा पडला, आम्ही इंजिन लावलं, आणि चंद्राच्या चकाकीत मला दिवा उशिरा दिसला. बोट एकदम जड झाली. माझा हात गिअरकडे जायच्या आत अंधारातून कुणीतरी ओरडलं, "इंजिन बंद करा! इंजिन बंद!" जाळं सुकाणूला अडकलं होतं, इंजिनच्या पंख्याला लागायला हातभर बाकी. त्यांची होडी जवळ आली. दोघांनी लांब काठीने जाळं खाली दाबलं, आमची बोट मागे वाहू दिली, पाच मिनिटांत सुटलो. एक जण म्हणाला, "बाहेरून जा, दादा. आत सगळं जाळंच आहे." आमच्याकडून त्यांनी थालीपिठं घेतली, पैसे घेतले नाहीत.

तेव्हा: जाळं लागलं की सगळ्यात आधी न्यूट्रल, मग विचार. सुरी शेवटी. ते जाळं कुणाच्या तरी घराचं भांडवल असतं.

आणि माणूस पडला तर? सहा नॉटला बोट सेकंदाला तीन मीटर जाते, मिनिटाला पावणेदोनशेच्या वर. एवढ्या अंतरावर लाटेतलं डोकं दिवसाही दिसत नाही. बघणाऱ्याने ओरडायचं, हाताचं बोट त्याच्याकडे रोखून धरायचं आणि नजर हलवायची नाही. दुसऱ्याने तरंगतं कडं फेकायचं, जीपीएसचं बटण दाबायचं. सुकाणूवाल्याने बोट थांबवायची. याचा सराव नारळ फेकून करा. आम्ही बंदरात दिवसाउजेडी अकरा वेळा केला, त्यातले चार नारळ परत मिळाले नाहीत. म्हणून रात्री केबिनच्या पायरीवरूनच, बाहेर पाऊल टाकायच्या आधी, पट्टा अडकवायचा.

पोचणं

दुसरा दिवस सरळ गेला. संध्याकाळी रीफ मी स्वतःच मागितला. मालवण मागे पडलं, वेंगुर्ल्याच्या खडकांना भरपूर अंतर दिलं. पहाटे चारला आग्वादचा दिवा समोर होता, आणि मी मांडवी नदीत शिरायला उतावीळ. याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, टॉमींनी तर कुठेही न थांबता. दोघेही मुंबईहून निघाले होते. हे सगळं मी स्किपरला उत्साहाने सांगत होतो.

"उजाडल्यावर," ती म्हणाली. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो सरकतो, आणि आमच्यापैकी कुणीच तिथे आधी शिरलेलं नव्हतं.

शेवटचा धडा बोट थांबवण्याचा होता. टॅक करा, पण पुढच्या शिडाचा दोर सोडू नका. ते उलट्या बाजूने फुगतं. मेनसेल थोडं ढिलं सोडा. सुकाणू अशा बाजूला बांधा की बोट वाऱ्याकडे वळू पाहील. पुढचं शीड नाळ एका बाजूला ढकलतं, सुकाणू दुसऱ्या, आणि बोट दोघांच्या मधे जवळजवळ उभी राहते. याला हीव्ह टू म्हणतात. वादळात याचा उपयोग होतो, जेवताना होतो, आणि उजाडायची वाट बघताना होतो.

दोर बांधल्याबरोबर आवाज थांबले. चाळीस तास सतत चाललेली खळखळ एकदम बंद. तिने गॅस लावला. आग्वादचा दिवा फिरत होता, पश्चिमेला चंद्र खाली आला होता, आणि मी कप चक्क बाकावर ठेवला. सांडला नाही.